‘लोकल अनुभव नाही’: नोकरभरतीतला नकळत होणारा भेदभाव कमी कसा करायचा

टोरंटोजवळच्या मिसिसागातल्या आमच्या कंपनीत अकाउंट्स पेएबलची, म्हणजे पुरवठादारांची बिलं तपासून चुकती करण्याची, एक जागा भरायची होती. रेझ्युमेंचा गठ्ठा घेऊन बसले आणि तासाभरात ‘हो’ आणि ‘नको’ असे दोन ढीग करून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी माझ्या हाताखालच्या मुलीने ‘नको’च्या ढिगातला एक कागद उचलला आणि विचारलं, “हिच्यात कमी काय आहे?” नाशिकच्या एका कारखान्यात अकरा वर्षं पुरवठादारांची बिलं सांभाळलेली बाई होती ती. समासात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ‘लोकल अनुभव नाही’.

मी स्वतः सांगलीची. इथे आल्यावर पहिल्या वर्षी हेच शब्द फोनवर इतक्या वेळा ऐकले होते, की पुढे पुढे समोरच्याने वाक्य सुरू करताच मी ते मनात पूर्ण करत असे. आणि आता तेच वाक्य मी लिहून ठेवलं होतं, तेही अगदी शांत डोक्याने.

तेव्हापासून मन धुऊन काढण्याच्या भानगडीत मी पडत नाही. पूर्वग्रह आत शिरतो कुठून, ते मात्र बघते. भरतीत जिथे जिथे ‘बघू, कसं वाटतंय ते’ असं मोघम सोडलेलं असतं, तिथे ओळखीचं जिंकतं आणि अनोळखी हरतं. ही मोघम जागा नाव, चेहरा, उच्चार समोर यायच्या आधीच भरून टाकायची, एवढीच या लेखातली पद्धत आहे. कॅनडात, विशेषतः ओंटारियोत, मुलाखत घेणाऱ्यांच्या खुर्चीत आता बरीच मराठी माणसं बसतात. लेख त्यांच्यासाठी आहे. दुसऱ्या देशात असाल तर कायद्याचा भाग तिथला बघा, बाकीचं फारसं बदलत नाही.

आधी थोडे आकडे

टोरंटो विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ फिलिप ओरिओपोलस यांनी टोरंटो परिसरातल्या ऑनलाइन जाहिरातींना हजारो बनावट रेझ्युमे पाठवले. पात्रता सारखी, बदल फक्त नाव, शिक्षणाचा देश आणि अनुभवाचा देश यांत. २००९ साली आलेल्या निष्कर्षांनुसार इंग्रजी नावाच्या, इथेच शिकलेल्या आणि इथेच काम केलेल्या अर्जदारांपैकी १६ टक्क्यांना मुलाखतीचं बोलावणं आलं. शिक्षण आणि अनुभव तसाच इथला ठेवून फक्त नाव चिनी, भारतीय किंवा पाकिस्तानी केलं, तर ११ टक्क्यांना. आणि शिक्षण-अनुभवही परदेशातला असेल तर ५ टक्क्यांना. ब्रिटनहून आलेल्या अर्जदारांना मात्र इथल्यांइतकीच बोलावणी आली. म्हणजे परदेशी असणं आड आलं नाही, कुठल्या परदेशातले ते आड आलं.

पुढच्या टप्प्यात आणखी एक गोष्ट कळली. नेमणूक करणारे म्हणत होते, की आम्हाला भाषेची धास्ती वाटते. पण रेझ्युमेवर भाषेवरचं प्रभुत्व स्पष्ट लिहिलं, बहुराष्ट्रीय कंपनीतला अनुभव लिहिला, नावाजलेलं कॉलेज लिहिलं, तरी फरक पडला नाही. हे वाचल्यावर ‘रेझ्युमे नीट लिहा’ हा सल्ला नव्याने आलेल्यांना देणं मी कमी केलं. त्यांनी काय करायला हवं यावर लेख पुष्कळ आहेत. खुर्चीतल्याने काय करायचं यावर कमी आहेत.

पायरी १: जाहिरात लिहिण्याआधी कामाची फोड करा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. ‘कॅनेडियन अनुभव’ या दोन शब्दांत नेमकं काय काय कोंबलेलं आहे ते कागदावर उतरवून काढा. आमच्या त्या जागेसाठी मी बसले तेव्हा अशी यादी निघाली: पर्चेस ऑर्डर, माल मिळाल्याची पावती आणि बिल या तिन्हींची जुळवणी, विक्रीकर बरोबर लावलाय का ते बघणं, पुरवठादारांच्या फोनला उत्तरं, महिनाअखेरीला हिशेब बंद करणं, आणि आमचं जुनाट सॉफ्टवेअर.

आता प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न: हे पहिल्या दिवशी यायलाच हवं, की दोन आठवड्यांत शिकता येईल? तिन्हींची जुळवणी पहिल्या दिवशी यायला हवी, आणि ती नाशिकमध्ये होते तशीच इथे होते. कराचं वेगळं आहे. ओंटारियोत केंद्राचा आणि प्रांताचा मिळून एचएसटी १३ टक्के, अल्बर्टात नुसता केंद्राचा ५ टक्के जीएसटी, क्यूबेक प्रांताचा स्वतंत्र क्यूएसटी. नवख्याला यात गोंधळ दिसतो. पण १ जुलै २०१७ ला भारतात जीएसटी आल्यावर ज्या माणसाने सीजीएसटी, एसजीएसटी आणि आयजीएसटी असे कप्पे सांभाळले, पुरवठादाराने रिटर्न भरलं नाही म्हणून अडकलेल्या इनपुट क्रेडिटसाठी दर महिन्याला फोन केले, त्याला इथला एचएसटी एका दुपारी समजतो. उलट इथेच वाढलेल्या माणसाने हा व्याप कधी बघितलेलाच नसतो. पगारपत्रकाच्या कामाला मी दोन आठवडे धरते. पीएफ आणि ईएसआयच्या जागी सीपीपी (पेन्शन) आणि ईआय (बेरोजगारी विमा) यांच्या कपाती येतात, फॉर्म १६ च्या जागी टी-४ येतो. मुद्दा तोच, तारखा आणि दर वेगळे.

काही कामांना इथलं ज्ञान खरोखर लागतं. ओंटारियोच्या बिल्डिंग कोडनुसार नकाशे तपासणारा माणूस तो कोड येत नसताना चालणार नाही. पण तिथेही ज्ञान मागा आणि तपासा. अनुभवाचा देश मागू नका. कोड पुण्यात बसूनही वाचता येतो, आणि इथे दहा वर्षं काढूनही न वाचलेले लोक मी बघितले आहेत.

कायदा आता याच दिशेने गेला आहे. ओंटारियो मानवी हक्क आयोगाने २०१३ मध्येच धोरण जाहीर करून सांगितलं होतं, की सरसकट कॅनेडियन अनुभवाची अट हा प्रथमदर्शनी भेदभाव आहे आणि ती का लागते हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. व्यावसायिक अभियंत्यांना परवाना देणाऱ्या ओंटारियोच्या संस्थेने २०२३ मध्ये ही अट काढून टाकली. आणि १ जानेवारी २०२६ पासून, २५ किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ओंटारियोतल्या मालकांना सार्वजनिक जाहिरातीत ही अट लिहिताच येत नाही. पण जाहिरातीतून शब्द गेला म्हणून चाळणी लावणाऱ्याच्या हातातून तो जात नाही. माझ्या समासातल्या ओळीचा जाहिरातीशी काही संबंध नव्हता. आमच्या जाहिरातीत ती अट मुळात नव्हतीच.

पायरी २: जाहिरात

इथे फार रेंगाळायची गरज नाही. मोघम शब्द शोधा आणि त्यांच्या जागी काम लिहा. ‘उत्कृष्ट संवादकौशल्य’ याऐवजी ‘पुरवठादाराला फोनवर बिलातली चूक समजावून सांगता यावी आणि तेच चार ओळींच्या ईमेलमध्ये लिहिता यावं’. ‘आमच्या संस्कृतीत मिसळणारा’ हे सरळ खोडा. ‘कॅनेडियन विद्यापीठाची पदवी’ऐवजी ‘पदवी किंवा समकक्ष’. पगाराची श्रेणी लिहा. वरच्याच नियमांनी ती आता बहुतेक जाहिरातींत द्यावी लागते, आणि नव्याने आलेल्या माणसाला इथला भाव ठाऊक नसल्यामुळे तो स्वतःला स्वस्तात विकतो, तेही थोडं थांबतं.

जाहिरात कुठे लावता तेही बघा. ‘तुमच्या ओळखीत कोणी आहे का?’ असं कर्मचाऱ्यांना विचारून जागा भरणं सोपं असतं, पण जसे लोक आत आहेत तसेच आणखी येतात. नव्याने आलेल्यांना नोकरी शोधायला मदत करणाऱ्या संस्था टोरंटो परिसरात बऱ्याच आहेत, ॲक्सेस एम्प्लॉयमेंट, कॉस्टी वगैरे. त्यांना जाहिरातीची लिंक पाठवायला पाच मिनिटं लागतात.

पायरी ३: रेझ्युमेची चाळणी

नाव झाका, असं सगळे सांगतात. मीही सांगते, पण नुसतं नाव झाकून भागत नाही. कॅनडाच्या केंद्र सरकारने आपल्याच खात्यांत नाव झाकून चाळणी करण्याचा प्रयोग केला. त्यात वांशिक अल्पसंख्याकांच्या निवडीत फायदाही दिसला नाही आणि तोटाही नाही. फ्रान्समधला निकाल तर उलटाच निघाला. तिथे स्वखुशीने भाग घेतलेल्या कंपन्यांना निनावी रेझ्युमे दिल्यावर स्थलांतरित कुटुंबांतल्या अर्जदारांना बोलावणी कमी झाली. एक कारण असं मांडलं गेलं, की नाव दिसत असताना वाचणारा एखाद्या उणिवेकडे समजून बघत होता. नाव गेलं तशी ती नुसती उणीव उरली.

म्हणून दोन गोष्टी एकदम करायच्या. ओळख झाका आणि संदर्भ भरा. आमच्याकडे मुलाखतीत नसलेली एक व्यक्ती हे काम करते. नाव, फोटो, पत्ता, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती काढते. विद्यापीठाच्या नावाच्या जागी ‘वाणिज्य शाखेची तीन वर्षांची पदवी’ लिहिते. कंपनीच्या नावाच्या जागी कंपनीचा आकार आणि व्यवसाय: ‘सुमारे ६०० कामगारांचा मोटारीच्या सुट्या भागांचा कारखाना’. नाशिकची कंपनी मी कधी ऐकलेली नव्हती, म्हणून ती माझ्या डोक्यात किराणा दुकानाएवढी झाली होती. आकार लिहिल्यावर दिसलं, की ती आमच्यापेक्षा मोठी आहे.

महाराष्ट्रातून आलेल्या रेझ्युमेंत काही गोष्टी इथल्या सहकाऱ्यांना हमखास चुकीच्या दिसतात. त्या तुम्हीच समजावून सांगू शकता, तेव्हा सांगा:

• टक्के. आपल्याकडे ६० टक्के म्हणजे फर्स्ट क्लास. इथल्या माणसाला ६० म्हणजे जेमतेम निभावलेला वाटतो. टक्के काढून श्रेणी लिहिली तर हा घोटाळा मिटतो.

• विद्यापीठाचं नाव. पुणे विद्यापीठाचं नाव २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. एकाच माणसाच्या पदवी आणि पदव्युत्तर प्रमाणपत्रांवर वेगळी नावं असतात आणि पडताळणी करणाऱ्याला वाटतं, काहीतरी गडबड आहे. मराठवाडा विद्यापीठाचं १९९४ मध्ये असंच झालं.

• बाईचं नाव. मधलं नाव आधी वडिलांचं, मग नवऱ्याचं, आडनाव बदललेलं, दहावीचं सर्टिफिकेट माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या. यात लपवाछपवी काही नाही.

• डिप्लोमा. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. इथल्या माणसाला हा बारावी न झालेला अर्जदार वाटतो. प्रत्यक्षात कारखान्याच्या कामाला असा माणूस बरेचदा जास्त तयार असतो.

• फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव. आपल्याकडच्या बायोडेटाची ती सवय आहे. बावळटपणा म्हणून गुण कापू नका.

• खंड. भारतात सीनियर अकाउंटंट, मग आठ महिने काही नाही, मग गोदामात किंवा कॉफीच्या दुकानात एक वर्ष. आपल्या लोकांत याला सरळ ‘सर्व्हायव्हल जॉब’ म्हणतात. वाचणारा त्यात घसरगुंडी बघतो. मी त्यात भाडं भरणारा माणूस बघते आणि त्याआधीच्या कामाला गुण देते.

पदवीची समकक्षता अर्जाच्या वेळी मागू नका. फेडरल स्किल्ड वर्कर, म्हणजे केंद्राच्या कुशल कामगार योजनेतून, आलेल्यांना परदेशी पदवीचं मूल्यांकन करूनच अर्ज करावा लागतो, त्यामुळे वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस किंवा तत्सम संस्थेचा अहवाल बहुधा तयारच असतो. लागलाच तर नेमणूक देताना मागा.

गुण द्यायचा तक्ता रेझ्युमे उघडण्याआधी तयार असावा. पहिल्या पायरीतल्या ‘पहिल्या दिवशी हवं’ या ओळी, प्रत्येकीला शून्य ते तीन गुण, पुरावा कुठल्या वाक्यात सापडला ते शेजारी. दोघांनी वेगवेगळं भरायचं, मग जुळवायचं. ‘लोकल अनुभव नाही’ लिहायला त्या तक्त्यात रकानाच नसतो. माझ्या बाबतीत एवढ्यानेच काम झालं.

ऑनलाइन अर्जातले प्रश्नही तपासा. ‘तुम्ही नागरिक आहात का? परमनंट रेसिडेंट आहात का?’ हे विचारू नका. ‘तुम्हाला कॅनडात काम करायची कायदेशीर परवानगी आहे का?’ एवढंच विचारा. कायमस्वरूपी काम करता येईल याचा पुरावा मागणं हा नागरिकत्वावरून केलेला भेदभाव ठरल्याचा मानवी हक्क लवादाचा निकाल ओंटारियोच्या अपील न्यायालयाने २०२३ मध्ये पुन्हा कायम केला आहे. तुमचं सॉफ्टवेअर एआयने चाळणी करत असेल तर तेही जाहिरातीत सांगावं लागतं. आणि आजवर तुम्ही घेतलेल्या लोकांवरून ते शिकलं असेल, तर तुमच्या समासातल्या ओळीही त्याने पाठ केलेल्या असणार.

पायरी ४: मुलाखत

इथे सगळं घडतं. पहिल्या पाच मिनिटांत. “वीकेंडला काय केलंत? कॉटेजला गेला होतात का? लीफ्सची मॅच बघितली?” अशा गप्पांत ज्याचा सूर जुळतो, तो पुढचा पाऊण तास हुशार वाटत राहतो. नवा माणूस हॉकीवर काय बोलणार? तो ‘नाही सर’ म्हणतो आणि गप्प बसतो. आणि समोरचा मनात लिहितो, ‘अबोल आहे’. गप्पा मारायच्या तर मुलाखत संपल्यावर मारा, गुण लिहून झाल्यावर.

प्रश्न सगळ्यांना तेच, त्याच क्रमाने. पाच-सहा पुरेत. ‘स्वतःबद्दल सांगा’ हा प्रश्न मी काढून टाकला. तो इथे लहानपणापासून स्वतःची जाहिरात करायला शिकलेल्यांच्या फायद्याचा आहे. त्याऐवजी कामातला प्रसंग विचारा: “पुरवठादाराचं बिल आणि पर्चेस ऑर्डर जुळत नाही, माल वापरून झालाय, आणि प्रॉडक्शनवाले म्हणतात पैसे देऊन टाका. तुम्ही काय करता?” उत्तर कसं असलं तर किती गुण, हे आधीच लिहून ठेवा. मी प्रश्न मुलाखतीच्या आदल्या दिवशी सगळ्यांना ईमेलने पाठवते. आमच्या एका संचालकाने हरकत घेतली, की मग लोक तयारी करून येतील. मी म्हटलं, कामावरही तयारी करूनच यावं अशी माझी अपेक्षा आहे.

आपल्याकडची माणसं ‘आम्ही’ म्हणतात. आम्ही सिस्टीम बदलली, आम्ही थकबाकी खाली आणली. इथला माणूस ऐकतो आणि समजतो, याने स्वतः काही केलेलं नाही. ‘मी मी’ करणं आपल्याकडे उद्धटपणाचं, एवढीच त्यामागची गोष्ट. उपाय सोपा आहे: “त्यातलं तुमच्या वाट्याचं काम कोणतं होतं?” हा जोडप्रश्न तक्त्यातच छापून ठेवा आणि प्रत्येकाला विचारा, म्हणजे कोणावर मेहरबानी होत नाही. ‘सर’, ‘मॅडम’ म्हणणं, नजरेला नजर न भिडवणं, होकारार्थी मान आडवी डोलावणं, यांना गुण नकोत आणि दोषही नकोत.

उच्चारांवर जरा थांबायला हवं, कारण सर्वांत सभ्य शब्दांत भेदभाव इथेच होतो. ‘त्याचं बोलणं कळलं नाही’ आणि ‘ते कळायला मला लक्ष द्यावं लागलं’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिल्यात कामाचा प्रश्न असू शकतो. दुसऱ्यात ऐकणाऱ्याला सवय नाही, आणि ती आठवड्याभरात होते. म्हणून मी सहकाऱ्यांना नेमकं लिहायला लावते: कुठलं वाक्य कळलं नाही? पुन्हा विचारल्यावर कळलं का? असं वाक्य सांगता येत नसेल, तर तो शेरा खोडायचा. शिवाय कामात कोणाशी किती बोलायचं आहे ते बघा. दिवसात तीन फोन आणि चाळीस ईमेल असतील, तर ईमेल लिहून घ्या की.

पहिली फेरी फोनवर घेत असाल तर जपून. फोनवर ओठ दिसत नाहीत, लाइन खरखरते, आणि इंग्रजी तिसरी भाषा असलेल्या माणसाला ती सर्वांत अवघड परीक्षा असते. आणि नाव आधी विचारून घ्या, नीट उच्चारा. ज्ञानेश्वरचा ‘नॅन’ करून टाकला, की पुढचा अर्धा तास तो माणूस स्वतःच्याच मुलाखतीत पाहुणा असतो.

पायरी ५: काम करून बघा

माझा या पायरीवर सगळ्यात जास्त विश्वास आहे. आम्ही चाळीस मिनिटांचं एक काम देतो: एका काल्पनिक पुरवठादाराची बारा बिलं, खात्याचा उतारा, आणि त्यात मुद्दाम पेरलेल्या तीन चुका. एक बिल दोनदा नोंदवलेलं, एकावर अल्बर्टात पोचवलेल्या मालाला ओंटारियोचा कर, एक क्रेडिट नोट विसरलेली. कराचे दर कागदावरच छापलेले असतात, म्हणजे ‘इथलं माहीत आहे का’ याची परीक्षा होत नाही. दिलेला नियम वापरता येतो का, याची होते. शेवटी पुरवठादाराला एक ईमेल लिहायचा.

कागदांवर नाव नसतं, क्रमांक असतो. तपासणाऱ्याला कोणाचा कागद कुठला ते कळत नाही. काम तासाभरापेक्षा मोठं असेल तर त्याचे पैसे द्या. नव्याने आलेला माणूस बहुतेक वेळा शिफ्ट बुडवून आलेला असतो.

पायरी ६: ठरवायची बैठक

प्रत्येकाने आपापले गुण लिहून, पाठवून मगच बैठकीला यायचं. नाहीतर सगळ्यात वरिष्ठ माणूस पहिलं वाक्य बोलतो आणि बाकीचे मान डोलावतात. पहिली दहा मिनिटं फक्त गुणांमधल्या फरकांवर बोला.

मग काही शब्द येतात, आणि ते आले की घंटा वाजायला हवी. ‘फिट वाटत नाही.’ ‘ओव्हरक्वालिफाइड आहे.’ ‘टिकेल का?’ ‘क्लायंटला आवडेल का?’ प्रत्येकाला एकच उत्तर: तक्त्यातली कुठली ओळ? ओळ नसेल तर मुद्दा बाद. ‘ओव्हरक्वालिफाइड’ तर नव्याने आलेल्यांच्या पाचवीलाच पुजलेला आहे. अनुभव इथला नाही म्हणून वरची नोकरी नाही, आणि आहे तो अनुभव जास्त म्हणून खालची नाही. मधल्या मध्ये माणूस टॅक्सी चालवतो.

मी बैठकीत एक प्रश्न वापरते, त्या १६ आणि ५ टक्क्यांवरून सुचलेला: हाच रेझ्युमे, हीच उत्तरं घेऊन कोणी लंडनहून आलं असतं, तर आपण हेच म्हटलं असतं का? पहिल्यांदा विचारला तेव्हा खोलीत शांतता पसरली. आता लोक स्वतःहून विचारतात, कधीकधी थट्टेत, पण विचारतात.

पायरी ७: संदर्भ, पगार, कळवणं

‘दोन कॅनेडियन रेफरन्स द्या’ ही मागच्या दाराने आणलेली तीच अट. परदेशातला संदर्भ घ्या. भारतातल्या कंपन्यांचा एचआर विभाग बहुधा फोनवर काही बोलत नाही. तिथे रिलीव्हिंग लेटर आणि एक्स्पीरियन्स लेटर देण्याची पद्धत आहे, ते पुरावा म्हणून धरा. जुन्या साहेबांशी बोलायचं असेल तर वेळ बघा. टोरंटोत सकाळचे आठ म्हणजे पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. प्रश्न ईमेलने पाठवले तर आणखी बरं.

आधीचा पगार विचारू नका. रुपयांतल्या आकड्याला डॉलरने भागून जे येतं, त्याचा तुमच्या जागेशी काही संबंध नाही, पण एकदा ऐकला की तो आकडा डोक्यातून जात नाही. श्रेणी जाहिरातीत दिली आहे, त्यातच बोला.

ज्यांना घेतलं नाही त्यांना कळवा. मुलाखत घेतली असेल तर निर्णय झाला की नाही ते ४५ दिवसांत कळवणं आता ओंटारियोत त्याच २५ कर्मचाऱ्यांच्या नियमात आलं आहे. मी सोबत एक ओळ जास्त लिहिते: तक्त्यातल्या कुठल्या ओळीत गुण कमी पडले. ती लिहिता येत नसेल, तर निर्णयच पुन्हा काढून बघते.

समोर आपलाच माणूस आला तर

हे कोणी लिहीत नाही, म्हणून लिहिते. मराठी नाव दिसलं की आपल्याकडे दोनपैकी एक होतं. एक तर जीव वरखाली होतो: अरे, सांगलीच्या वालचंद कॉलेजचा आहे, आमच्याच गावचा, मंडळाच्या गणपतीत दिसला होता बहुतेक. किंवा नेमकं उलटं. ‘आपलीच माणसं भरते’ असं कोणी म्हणू नये म्हणून आपण त्याला दुप्पट घासतो, आणि त्याच्या इंग्रजीची लाज आपल्याला वाटायला लागते. माझ्याकडून दुसरं जास्त झालं आहे. नाशिकच्या त्या बाईच्या रेझ्युमेवरही बहुधा तेच झालं होतं.

ओळख असेल तर आधी सांगा आणि त्या उमेदवारापुरते गुण देऊ नका. ओळख नसेल तर सगळ्यांसारखेच गुण द्या. मुलाखतीत मराठीत बोलू नका, अगदी ‘कसे आहात’सुद्धा, दुसऱ्या परीक्षकाला ते कळत नाही आणि उमेदवार ढिला पडतो. आणि हो, आडनावावरून आपल्या डोक्यात जे काही चालू होतं ते इथल्या कुठल्याच धोरणात लिहिलेलं नसेल, तरी ते आपल्याला ठाऊक असतं. नाव झाकण्याचा सगळ्यात मोठा फायदा कदाचित आपल्यालाच आहे.

पायरी ८: कोण कुठे गळतं ते मोजा

एका दिवसाची कार्यशाळा घेऊन, पूर्वग्रहावरच्या स्लाइड्स दाखवून, सर्टिफिकेट वाटून कंपन्या मोकळ्या होतात. कार्यशाळा वाईट नसते, पण सोमवारी ढीग करताना ती कोणाला आठवते? त्यापेक्षा एक साधा तक्ता ठेवा. किती अर्ज आले, किती चाळणीतून गेले, किती फोनवर, किती मुलाखतीत, किती कामाच्या चाचणीत, किती नेमले. आणि प्रत्येक टप्प्यावर, शिक्षण किंवा अनुभव परदेशातला असलेले किती. वंश, जन्मदेश वगैरे विचारायचं असेल तर ते ऐच्छिक ठेवा, अर्जापासून वेगळं ठेवा, आणि निवड करणाऱ्यांना दाखवू नका. एका भरतीवरून काही ठरवू नका, संख्या फार लहान असते. चार-पाच भरत्या एकत्र केल्या की एखादी पायरी डोळ्यांत भरते.

नाशिकच्या त्या बाईला मी दुसऱ्या दिवशी ‘हो’च्या ढिगात घातलं. तिने फोनवरची फेरी पार केली नाही. आमच्या माणसाने लिहिलं, ‘संवाद कमी पडतो’. तेव्हा आमच्याकडे वाक्य लिहून दाखवायचा नियम नव्हता. आता आहे, आणि तरी आमच्या तक्त्यात परदेशी अनुभवाचे लोक सर्वांत जास्त गळतात ते अजून त्या फोनवरच. पुढच्या भरतीत फोनची फेरीच काढून तिच्या जागी चाळीस मिनिटांचं काम आधी ठेवायचं, असं ठरलं आहे. संचालकांची सही बाकी आहे.